माझं पुस्तक आणि आप्पांचं ऑपरेशन

मला वाचायला लावलं आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी. मी जयसिंगपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. राहते कोल्हापुरात, रोज एसटीनं जाऊन-येऊन करते. माझा राग शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी परीक्षेच्या पर्यवेक्षणाचं वेळापत्रक लागलं आणि सलग चौथ्यांदा शनिवारची दुपार माझ्या वाट्याला आली. मी तो कागद फलकावरून ओढून काढला, त्याचे चार तुकडे केले आणि वेळापत्रक करणाऱ्या सरांच्या टेबलावर ठेवले. ठेवले म्हणजे आपटलेच. तासाभरानं बाईंनी मला बोलावून घेतलं. आता मेमो मिळणार असं धरून मी आत गेले. पण त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही काहीतरी वाचत जा. मन शांत होईल असं."

त्यापेक्षा मेमो परवडला असता.

तरी त्या रविवारी मी पुस्तकांच्या प्रदर्शनात गेलेच. रागावरची दोन पुस्तकं घेतली. ती संपल्यावर सवयींवरची. मग पहाटे उठण्यावरची. मग कमी बोलण्यावरची, जी मी नवऱ्याला वाचून दाखवायची आणि तो काही न बोलता ऐकून घ्यायचा. दीडेक वर्षात कपाटाचा एक पूर्ण खण भरला. माणूस सुधारला की नाही ते मात्र कळायला मार्ग नव्हता. या पुस्तकांत बहुतेक वेळा एक माणूस असतो, तो फार दुःखी असतो, आणि मग त्याला डोंगरावर किंवा समुद्रकाठी एक म्हातारा भेटतो. मला रोज एसटीत दहा म्हातारे भेटतात. ते विचारतात, "बाई, ही गाडी हातकणंगल्याला थांबती का?"

एकदा सहनशीलतेवरचं प्रकरण वाचत होते. शेजारच्या बाईंच्या भाजीच्या पिशवीतून मुळ्याचा पाला सारखा माझ्या पानावर येत होता. मी दोनदा बाजूला केला. तिसऱ्यांदा पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि त्या बाईंना असं काही बोलले की कंडक्टर मागं वळून बघायला लागला. बाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि मी पुन्हा पान उघडलं. पुढचं वाक्य समोरच्याला समजून घेण्याबद्दल होतं. मी ते पिवळ्या पेननं अधोरेखित केलं, आणि करताना मला काहीसुद्धा वाटलं नाही. घरी आल्यावर वाटलं.

नंतर नंतर त्या म्हाताऱ्यांचा कंटाळा आला आणि मी जरा जड पुस्तकांकडं वळले. तत्त्वज्ञानाकडं. त्यात एक निळ्या पुठ्ठ्याचं होतं. फार जुन्या काळातल्या परदेशी विचारवंतांचं म्हणणं मराठीत सोपं करून मांडलेलं. आपल्या हातात काय आहे, काय नाही, जे नाही ते सोडून कसं द्यावं, शरीराचं फार कौतुक का करू नये, मरणाला का भिऊ नये. पुस्तक चांगलं होतं, हे मी आजही म्हणते. घोळ झाला तो मी ते आईकडं विसरले त्यामुळं.

आई आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरच्या मागच्या बाजूला राहतात. माझ्या घरापासून गाडीनं दहा मिनिटं. आप्पांनी आयुष्यभर एका फौंड्रीत पॅटर्न बनवले. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो पॅटर्न. सातवीपर्यंत शिकलेले, पण त्यांच्या हाताचं माप कधी चुकलं नाही. आता शहात्तर वर्षांचे आहेत. आम्ही दोघी बहिणी. धाकटी बेंगळुरूला असते आणि फोनवरून काळजी करते. प्रत्यक्ष जायचं काम माझ्याकडं.

गेल्या वर्षी आप्पांना जांघेत हर्निया निघाला. निघाला म्हणजे तो दोन वर्षं होता, आईला दिसला गेल्या वर्षी. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मोठा झालाय आजोबा. निवांत असतानाच करून घ्या. आतडं अडकलं तर मग घाईत करावं लागेल, ते चांगलं नाही." आप्पा म्हणाले, "करू की." आधी दिवाळी होऊ दे म्हणाले. मग चुलत भावाच्या नातीचं लग्न होऊ दे. मग थंडी कमी होऊ दे. मी प्रत्येक वेळी चिडले आणि प्रत्येक वेळी तारीख पुढं गेली.

त्याच थंडीत एका संध्याकाळी मी आईकडं डबा काढायला पिशवी उपसली आणि निळं पुस्तक कॉटवर राहिलं. चार दिवसांनी गेले तर आप्पा दारात खुर्ची टाकून ते वाचत होते. डोळ्यावर चष्मा, कानावर त्यांची ती चपटी पेन्सिल, आणि ओळीखाली लाकडी पट्टी. एक ओळ झाली की पट्टी खाली सरकवायची. चार दिवसांत सहा पानं झाली होती.

"आप्पा, हे काय वाचालाय?"

"तुझंच हाय की. बरं लिवलंय." मग त्यांनी पट्टी तिथंच दाबून धरली. "हा माणूस काय काम करत हुता?"

"विचारवंत होता आप्पा. विचार करायचा."

"ते झालं. पर काम?"

"दरबारात बिरबारात असेल," मी म्हणाले.

"मग त्येचा स्वयंपाक कोन करत हुतं?"

इतकं वाचूनही मला एकदाही हा प्रश्न पडला नव्हता. मी तिथंच उंबऱ्यावर बसले. त्या दिवसापासून आमचं एक सुरू झालं. शाळेतून येताना मी थेट आईकडं जायचे आणि आप्पा दिवसभरात वाचलेल्या दोन पानांवर बोलायचे. मी अठ्ठेचाळीस वर्षांची. आयुष्यभर वडिलांशी माझं बोलणं म्हणजे गॅस आला का, पाणी आलं का, गाडीत हवा भरली का. आता आम्ही माणसानं कसं जगावं यावर बोलत होतो. आई आतून भाजी चिरत ऐकायची आणि मधेच म्हणायची, "चहा गार हुतोय."

एक दिवस आप्पा म्हणाले, "एक चूक हाय बघ ह्या पुस्तकात. लोखंड ओतलं की गार हुताना आकसतं. म्हणून आमी पॅटर्न जरासा मोठा करायचो. तेवढी सूट धरायलाच लागती. ह्यानं माणसाला सूट धरलेली न्हाय. सगळं नेमक्या मापाचं लिवलंय. माणूस त्यात बसंल कसा?"

मी घरी येऊन ते वहीत लिहून ठेवलं. बहिणीला फोन करून सांगितलं. शाळेत दोन जणींना सांगितलं. मला इतका अभिमान वाटत होता की हर्नियाचं मी पंधरा दिवस नावसुद्धा काढलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळ्यांनी मला विचारलं की तू काय करत होतीस. मी वडिलांशी तत्त्वज्ञानावर बोलत होते.

शेवटी फेब्रुवारीतला एक गुरुवार ठरला. मी रजा टाकली. बहिणीनं तिकीट काढलं. मंगळवारी संध्याकाळी मी रक्ताचे रिपोर्ट घेऊन आईकडं गेले तर आप्पा खुर्चीत ताठ बसलेले. मांडीवर निळं पुस्तक.

"मी ऑपरेशन करनार न्हाय," ते म्हणाले.

"का? काय झालं?"

"झालं काय न्हाय. इचार केला." त्यांनी पुस्तक उघडलं. पानात पट्टी होतीच. "हे बघ. शरीर आपलं न्हवं. ते आपल्या हातात न्हाय. जे हातात न्हाय त्याच्यामागं धावायचं न्हाय. आनि मरनाला तर भ्यायचंच न्हाय. तूच सांगितलंस की पुस्तक चांगलं हाय म्हणून."

मला आधी हसू आलं. मग त्यांचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. ते खरंच बोलत होते.

"आप्पा, त्याचा अर्थ तसा नाही. जे आपल्या हातात आहे ते करायचं असंही त्यात लिहिलंय. डॉक्टरकडं जाणं तुमच्या हातात आहे की नाही?"

"जाऊन आलो की. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. पुढचं पुढं."

"अहो, आतडं अडकंल!"

"अडकंल तवा अडकंल. ते माझ्या हातात हाय का?"

मी एक बोलायचे, ते पट्टी सरकवून दुसरं दाखवायचे. माझी सगळी वाक्यं त्यांनी माझ्याच पुस्तकातून परतवली. अर्ध्या तासानं माझा आवाज कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जात असणार. मी चिडले की शाळेतलं बोलणं सुटतं आणि कोल्हापूरच्या बायकांसारखी बाप्यांच्या भाषेत येते. "मी सांगतो तुम्हाला आप्पा, गुरुवारी मी रिक्षा घेऊन येतो आणि उचलून नेतो!" असं म्हणत मी ते पुस्तक त्यांच्या मांडीवरून ओढलं आणि मागच्या दाराबाहेर फेकलं. ते धुण्याच्या दगडावर जाऊन पडलं. आईनं नुकतेच कपडे धुतले होते.

आई गेली, पुस्तक उचललं, पदरानं पुसलं आणि चुलीजवळ, म्हणजे गॅसच्या ओट्यावर, पानं उघडी करून ठेवलं.

आप्पा म्हणाले, "बघ. कपाटभर वाचलीस. राग गेला का?"

मी रिपोर्ट तिथंच टाकून घरी आले.

बहिणीनं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण पुस्तक तूच दिलंस ना त्यांना?"

"दिलं नाही. विसरले."

"एकूण एकच झालं."

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दोन दिवस जाऊ देत, शांत होतील." शांत तर आप्पाच होते. घरात शांत नसलेली मी एकटी होते.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी कपाटासमोर बसले आणि सगळी पुस्तकं खाली काढली. आप्पांना दवाखान्यात नेईल असं एक वाक्य मला हवं होतं. शोधायला लागल्यावर लक्षात आलं की या खणात सगळंच आहे. शरीर जपा, ते देवळासारखं आहे. शरीर म्हणजे कपडा, त्याची काळजी सोडा. उशीर करू नका. घाई करू नका. स्वतःचं ऐका. थोरांचं ऐका. मी ही सगळी वाक्यं वेगवेगळ्या वर्षी पिवळ्या पेननं अधोरेखित केली होती, आणि प्रत्येक वेळी ती खरीच वाटली होती. त्या खणाचा मला इतका संताप आला की सांगता येत नाही. तरीही मी कामाची वाक्यं निवडली, सहा पुस्तकांतली, आणि मुलांना टिपणं काढून देते तशी एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिली.

आप्पांनी तो कागद नीट वाचला. पट्टी लावून. मग पेन्सिलनं एकेका ओळीपुढं खूण करत म्हणाले, "हे पयलं म्हनतंय उशीर करू नगंस. कशाला, ते सांगितलेलं न्हाय. हे दुसरं श्रीमंत माणसाचं हाय. हे तिसरं पयल्याच्या उलटं हाय." मी शिक्षिका असून माझा पेपर असा कुणी तपासला नव्हता.

गुरुवार गेला. दवाखान्यातून फोन आला, मी माफी मागितली. बहिणीनं तिकीट रद्द केलं आणि दोन दिवस माझा फोन घेतला नाही. मी आईकडं जायची बंद झाले नाही, पण उंबऱ्यावर बसायची बंद झाले. दूध ठेवायचं, औषधं मोजायची, निघायचं. आप्पा "बस की" म्हणायचे. मी म्हणायचे, "पेपर तपासायचे आहेत."

असे तीन आठवडे गेले. मग एका दिवशी नववीच्या वर्गावर होते. शिपाईमामा दारात आले, "मॅडम, घरचा फोन हाय, ऑफिसात." माझा मोबाईल वर्गात बंद असतो. आई शाळेच्या नंबरवर फोन करील यावर माझा विश्वास बसेना. तिनं तो नंबर कुठून शोधला तेही मला आजपर्यंत कळलेलं नाही.

"सकाळधरनं ह्यांच्या पोटात दुखालंय," आई म्हणाली. "गाठ दगडासारखी झालीया. दोनदा उलटी झाली. रिक्षा आनलीया दारात, पर ह्ये उठंनात."

"फोन दे त्यांना."

आप्पांचा श्वास ऐकू आला. मी म्हणाले, "आप्पा, रिक्षात बसा."

"जरा पडलो की बरं वाटंल."

"आप्पा, हात जोडतो तुमच्या पुढं. बसा."

मग आईचा आवाज आला, पण तो माझ्याशी नव्हता. ती फोन बाजूला धरून त्यांच्याशी बोलत होती. मी आयुष्यात तिला त्यांच्याशी त्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. "तुमास्नी भ्या वाटतंय. मला ठावं हाय. वाटू द्या. व्हय म्हना आनि उठा. मी हाय संगं."

मग आप्पा म्हणाले, "व्हय." आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

विज्ञानाच्या सरांनी मला त्यांच्या गाडीतून कोल्हापूरला सोडलं. हे तेच सर, ज्यांच्या टेबलावर मी वेळापत्रकाचे तुकडे आपटले होते. शिरोली नाक्यावर गाड्या तुंबल्या तेव्हा म्हणाले, "मॅडम, पाणी प्या." माझ्या पिशवीत नवीन घेतलेलं एक पुस्तक होतं. बाटली काढताना ते हाताला लागलं, मी ते आत ढकललं.

दवाखान्यात आधी मी काउंटरवर भांडले. फॉर्मवर पेशंटचं नाव चुकीचं लिहिलं होतं आणि ती मुलगी म्हणत होती की नंतर दुरुस्त करू. मी म्हणाले, आत्ता कर. मग डॉक्टर आले आणि मला भांडायला जागाच राहिली नाही. "तीन आठवड्यांपूर्वी तारीख दिली होती," ते म्हणाले. "शिकली-सवरलेली माणसं तुम्ही. कारण काय झालं होतं?"

कारण काय सांगणार? वडिलांनी तत्त्वज्ञान वाचलं होतं? मी म्हणाले, "घरात अडचण होती."

"आतडं अडकलंय. किती खराब झालंय ते उघडल्यावरच कळेल. लगेच घेतोय."

आप्पांना हिरवा झगा घातला होता. त्यात ते एवढेसे दिसत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "भूल देनार व्हय?"

मी बाजूच्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "कमरेत इंजेक्शन देणार. आजोबा जागे राहणार, फक्त खालचं कळणार नाही."

"जागा ऱ्हानार?" त्यांनी दोनदा विचारलं. "म्हंजे झोपवनार न्हाईत?"

"नाही आजोबा."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा एकदम सैल पडला. मला तेव्हा काही समजलं नाही. ते आत गेल्यावर बाकड्यावर आईच्या शेजारी बसले तेव्हा आईनं सांगितलं.

आप्पांचा फौंड्रीत एक जोडीदार होता, मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा. आमच्या जन्माआधीची गोष्ट. त्याचा हात मशीनमध्ये सापडला. आप्पांनीच त्याला दवाखान्यात नेलं. आत जाताना त्यानं आपलं घड्याळ काढून आप्पांच्या हातात दिलं, म्हणाला, आलोच. भूल दिली ती उतरलीच नाही. आप्पा संध्याकाळपर्यंत ते घड्याळ हातात धरून बाहेर बसले होते, आणि मग त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला ते द्यायचं काम त्यांच्यावरच आलं.

"तवापासनं," आई म्हणाली, "दात काडायचा म्हटलं तरी ह्ये दारातनं परत येत्यात."

माझ्या डोक्यात संताप असा चढला की मला बाकड्यावरून उठावं लागलं. "मग मला का नाही सांगितलंस? त्या मंगळवारी मी त्यांच्याशी डोकं फोडून घेतलं. कागद लिहून काढला. सांगायला काय झालं होतं तुला?"

आई म्हणाली, "तू इचारलंस कुठं? तू पुस्तकातलं बोलायचीस, त्ये पुस्तकातलं बोलायचे. मी मदी काय बोलू?"

समोर एक बाई डबा घेऊन बसल्या होत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या. मी परत बसले.

मला रडूही येत नव्हतं. नुसता राग येत होता, आणि कुणाचा ते ठरत नव्हतं. आईचा, कारण ती गप्प बसली. आप्पांचा, कारण त्यांनी भीतीला त्या पुस्तकाचा कोट चढवला. त्या पुस्तक लिहिणाऱ्याचा, कारण त्यानं तो कोट इतका छान शिवला. आणि माझा स्वतःचा. शहात्तर वर्षांचा माणूस ऑपरेशनला नाही म्हणतो तेव्हा त्याला काय वाटतंय हे विचारायला कुठल्याही वाचनाची गरज नव्हती. मुळ्याची पिशवी घेतलेल्या त्या एसटीतल्या बाईंनीसुद्धा पहिल्यांदा तेच विचारलं असतं.

दीड तासानं डॉक्टर बाहेर आले. आतडं काळं पडायला लागलं होतं, पण रंग परत आला, कापावं लागलं नाही. "अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं," एवढं म्हणून ते गेले. आईनं दोन्ही हात कपाळाला लावले. बहिणीला फोन केला तर ती फोनवरच रडायला लागली आणि मग म्हणाली, "तिथं कुणाशी भांडू नकोस." मी म्हणाले, झालं भांडून.

आप्पा पाच दिवस दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी त्यांना वॉर्डात आणलं आणि तिसऱ्या दिवशी ते शेजारच्या कॉटवरच्या माणसाला उपदेश करायला लागले. तो गडहिंग्लजकडचा होता, त्याचंही हेच ऑपरेशन उद्यावर आलं होतं आणि तो भीतीनं टेकीला आला होता. आप्पा त्याला म्हणाले, "पावनं, काय न्हाय हो त्यात. मुंगी चावल्यावानी. उगंच लोक लांबवत बसत्यात."

मी फळं कापत होते. सुरी खाली ठेवली. "आप्पा, लोक म्हणजे कोण?"

"असतात एकेक," ते म्हणाले आणि तोंड भिंतीकडं केलं.

घरी आल्यावर दोन आठवड्यांनी, टाके काढून झाल्यावर, मी परत उंबऱ्यावर बसले. निळं पुस्तक आईनं वाळवून ठेवलं होतं, पानं फुगली होती, पण आप्पांनी ते मागितलं नव्हतं आणि मीही पुढं केलं नव्हतं. मी सरळ विचारलं, "आप्पा, भीती वाटत होती तर सांगायचं होतं की मला."

ते नखं बघत बसले. मग म्हणाले, "सांगून तू काय केलं असतंस?"

मी खरं काय ते शोधायला लागले. त्या वेळी मी काय केलं असतं?

"भीतीवरचं एखादं पुस्तक आणून दिलं असतं," मी म्हणाले.

"मग?" आप्पा म्हणाले.

आतून आईचं हसणं ऐकू आलं. ती सहसा मोठ्यानं हसत नाही.

मी वाचायची थांबलेले नाही. शाळेत जायला-यायला अडीच तास जातात, खिडकीतून ऊस तरी किती बघायचा. पण पिवळं पेन घरी ठेवते. एखादं वाक्य फारच छान वाटलं की आता मला त्याचा थोडा राग येतो. माझा राग काही कमी झालेला नाही. आप्पांच्या प्रकरणानं मी शहाणी झाले असं कुणी म्हणालं तर मला पटणार नाही, आणि नवऱ्याला विचारलंत तर तो काही बोलणार नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी, वार्षिक परीक्षेच्या पेपरांचे दोन गठ्ठे पुढ्यात असताना, आप्पांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत. बाहेर ऊन असं होतं की डांबर मऊ झालं असेल.

"दाढ दुखालीया," ते म्हणाले. "आठ दिवस झालं. काडायला लागंल म्हनतीया तुझी आई." मग घशातल्या घशात, "भ्या वाटालंय जरा. येतीस का संगं?"

"आज रविवार आहे आप्पा! आठ दिवस काय करत होता? आणि आत्ता या उन्हात? कुठला डॉक्टर उघडा असणार आहे आत्ता?"

"एक हाय उघडा. बघून आलो बाहेरनं."

"बघून आलात? मग आत जायचं की!"

"तेच तर सांगालोय की तुला," आप्पा म्हणाले.

मी फोन आपटला. पेपर तसेच उघडे टाकले, त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला, पंख्यानं उडू नयेत म्हणून. गाडीची किल्ली सापडेना, तेव्हा नवऱ्यावर ओरडले. ती माझ्याच हातात होती.